कपाटाबाहेरची पुस्तकं

(दहावी १९९६ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआय आणि मुलांचं करिअर यावर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, दहा मिनिटं बोलते, पण विषय माझा. मी बोलणार आहे ते आपण शाळेत असताना लपवून वाचलेल्या पुस्तकांवर. रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा. सरांच्या भाषेत "फालतू वाचन". सर पहिल्या रांगेतच बसलेत, म्हणून आधी नमस्कार करून ठेवते. आणि बॅचच्या निधीचा विषय आज निघणारच आहे, त्याबद्दल माझी एक मागणीही आहे. ती शेवटी.

शाळेत काचेचं कपाट होतं ते सगळ्यांना आठवत असेल. त्यात चरित्रं होती, कुलूप होतं, आणि किल्ली कोणाकडे असते हे मला दहावीपर्यंत कळलं नाही. आपण वाचलं ते कपाटाबाहेरचं. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानातलं, कोणाच्या तरी काकाच्या ट्रंकेतलं, दिवाळीनंतर रद्दीत निघालेल्या 'धनंजय' आणि 'नवल'च्या अंकांमधलं. माझा स्वतःचा पुरवठा दौंडचा. मामा रेल्वेत. सुट्टी लागली की न्हावऱ्यावरून, भीमा ओलांडून एसटीने दौंडला. जंक्शन असल्यामुळे सोलापूरच्या, मनमाडच्या गाड्या तिथे बराच वेळ थांबायच्या. उतारू पुस्तक वाचून संपवायचे आणि बाकावर ठेवून जायचे. मामा ती गोळा करून आणायचा. जूनमध्ये मी शिरूरला परतायचे तेव्हा पिशवीत आठ-दहा पुस्तकं असायची, आणि पुढचे दोन महिने वर्गात माझा भाव वधारलेला असायचा.

ती पुस्तकं कशी फिरायची, हे आजच्या मुलांना सांगितलं तर पटत नाही. एक पुस्तक, वीस वाचणारे. मुलींच्या रांगेत ते भूगोलाच्या कव्हरात यायचं. प्रत्येकीला एक रात्र. सकाळी परत. बाबूराव अर्नाळकरांचं एक पुस्तक आपल्याकडे आलं तेव्हा त्याची शेवटची पानंच नव्हती. खुनी कोण, यावर आठवडाभर भांडण चाललं. मधल्या सुट्टीत दोन तट पडले. दिवाणजी म्हणणारे आणि पुतण्या म्हणणारे. मी दिवाणजीच्या बाजूची, आजही आहे. आता माझा मुलगा एखाद्या मालिकेवर जगभरच्या अनोळखी मुलांशी रात्री बारापर्यंत वाद घालतो आणि त्याला 'फॅन्डम' म्हणतो. मी त्याला म्हटलं, हे आम्ही घोडनदीत शेंगा खात करत होतो.

अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. झुंझार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू, हे सगळे त्यांचेच. आपण दहावी झालो त्याच वर्षी, १९९६ मध्ये, ते गेले. आपल्याला तेव्हा निकालाचं पडलं होतं. आपल्या आई-वडिलांच्या पिढीतल्या किती जणांनी वाचनाची गोडी त्यांच्यामुळे लावून घेतली! माझे वडील सातवी शिकलेले, पण झुंझार म्हटलं की हातातलं काम ठेवायचे.

फास्टर फेणेची गोष्ट वेगळी. भा. रा. भागवतांचा हा पोरगा सरांनाही चालायचा. किडकिडीत, सायकलवर सुसाट, जिभेने 'ट्टॉक' करणारा बनेश फेणे. आणि गाव कुठलं, तर फुरसुंगी! पुस्तकातली शहाणी मुलं पुण्या-मुंबईचीच असतात असं मला वाटायचं. इथे आपल्याच जिल्ह्यातलं, हडपसरजवळचं एक खेडं थेट पुस्तकाच्या पानावर. मी इंजिनिअरिंगला पुण्यात गेले तेव्हा होस्टेलवर "शिरूर म्हणजे नक्की कुठे गं?" असं विचारणाऱ्या मुली भेटल्या. मनात म्हणायचे, फुरसुंगी तरी कुठे माहीत होतं कोणाला. आज तिथे आयटीच्या काचेच्या इमारती आहेत, जवळच शहराचा कचरा डेपो आहे, आणि शेजारी बसून काम करणाऱ्या पोरांना फेणे माहीत आहे तो २०१७ च्या चित्रपटातला, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला आलेला तरुण. चित्रपट बरा होता. पण माझा फेणे शाळेतलाच. भागवतांनी ज्यूल व्हर्नसुद्धा मराठीत आणला, हे मला फार उशिरा कळलं. तोवर 'मुक्काम शेंडेनक्षत्र' मी अस्सल मराठीच समजत होते, आणि ते भागवतांचंच यश आहे.

नारायण धारपांबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय. वस्तीवर आमच्याकडे लाइट रात्रीची यायची. वडील दारं धरायला उसात गेलेले, आई आणि मी घरात, आणि माझ्या हातात धारप. विहिरीच्या मोटरचा आवाज मधेच थांबला की काळजात धस्स व्हायचं. मोठेपणी समजलं की 'लुचाई' स्टीफन किंगच्या कादंबरीवरून बेतलेली आहे. काही जण हे सांगताना धारपांना कमी लेखतात. मला तसं वाटत नाही. किंगचं भूत अमेरिकेतलं. त्याला आपल्या माजघरात, आपल्या बोलीत आणून बसवायला वेगळी ताकद लागते. आणि धारपांचा समर्थ! पुढ्यात काहीही उभं राहिलं तरी डोकं शांत ठेवणारा माणूस. रात्री एकट्या बारक्या पोरीला त्याचा फार आधार होता. हल्ली आपल्या उसात खरोखरीचे बिबटे आहेत. शिरूर, दौंडच्या वस्त्यांवर संध्याकाळनंतर मुलांना अंगणात सोडत नाहीत. भावाच्या मुलीला मी फोनवर धारप वाचून दाखवते. ती म्हणते, "आत्या, भुताचं वाच, बिबट्याचं नको." भुताची गोष्ट पुस्तक मिटलं की संपते, हे तिला बरोबर कळलंय.

२०१८ मध्ये 'तुंबाड' आला. २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहात लागला तेव्हा माझ्या ऑफिसमधली निम्मी मुलं पाहून आली. त्याच्या मुळाशी धारपांची गोष्ट आहे, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. धारप २००८ मध्येच गेले.

आता जयंत नारळीकर. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंनी ती लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली, आणि २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचे तर नारळीकर स्वतः अध्यक्ष होते. मला याचा आनंदच आहे. पण सर, एक गोष्ट बोलून टाकते. विज्ञानकथेला पुढच्या दाराने घरात घेतलं. अर्नाळकर, धारप, सुहास शिरवळकर मात्र मागच्या दारानेच आले आणि अंगणातच राहिले. शिरवळकरांची 'दुनियादारी' पडद्यावर येऊन गाजली ती २०१३ मध्ये, त्यांना जाऊन दहा वर्षं झाल्यावर. ज्यांनी वाचायला शिकवलं ते फालतू, आणि त्यांच्या जिवावर पुढे जे वाचू शकलो ते साहित्य, हा हिशोब मला कधी जुळला नाही.

एआयवर दोन वाक्यं बोलते, म्हणजे आयोजक रागावणार नाहीत. 'वामन परत न आला' मध्ये नारळीकरांनी स्वतःसारखीच यंत्रं बनवू पाहणारं यंत्र आणलं होतं. आज माझ्या टेबलावर कोड लिहिणारं यंत्र आहे. ते पहिल्यांदा चालवलं तेव्हा मीटिंगमधली पोरं टाळ्या वाजवत होती आणि मला मात्र वामन आठवत होता. मी विचारलं, "याला थांबवायचं बटण कुठे आहे?" मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, त्या दिवशी मी ते पुस्तक घरभर शोधलं. सापडलं नाही.

आता मागणी. आपल्या निधीतून शाळेला डिजिटल बोर्ड द्यायचं ठरतंय. जरूर द्या. पण त्यातले थोडे पैसे एका उघड्या मांडणीसाठी काढा. काच नको, कुलूप नको. धारपांची, फास्टर फेणेची पुस्तकं नव्याने छापलेली मिळतात, ती विकत घेऊ. अर्नाळकरांची बहुतेक मिळत नाहीत. भाड्याच्या दुकानातली पुस्तकं हाताळून हाताळून फाटली, दुकानं बंद झाली, आणि उरलेलं रद्दीच्या भावाने गेलं. ती कोणी जपायची म्हणून जपलीच नाहीत. जी असतील ती आपल्याच घरांत असतील. माळ्यावर, ट्रंकेत, वडील गेल्यावर न उघडलेल्या पेटीत. निमोण्यापासून पाटसपर्यंत आपली माणसं पसरलीत, जाताना एकदा बघा.

मामाची पिशवी मी आज गाडीत आणली आहे, त्यात सोळा पुस्तकं आहेत. जेवणं झाली की वाचनालयाच्या खोलीत ठेवते. बाई, किल्ली तेवढी लागेल.