फवारणाऱ्याचा दाखला



रविवारी सकाळी पिशवी घेऊन पुण्याच्या मंडईत जावयाचे, हा माझा बऱ्याच वर्षांचा परिपाठ आहे. परवा असाच गेलो होतो. एका मावशींच्या पाटीत वांगी होती. अशी तजेलदार की जणू तेल लावून पुसून ठेवली आहेत. मी सहज म्हणालो, "मावशी, एकसुद्धा किडके नाही हो यात!" मावशी म्हणाल्या, "औषध मारलंय की, सर. किडकं तुमी घेता व्हय?"

मावशींचे म्हणणे खोटे नव्हते. किडके मी घेत नाही, तुम्हीही घेत नाही. पण घरी येईपर्यंत त्यांचा एक शब्द माझ्या मनात घोळत राहिला. तो शब्द म्हणजे 'औषध'. आपण तापात घेतो तेही औषध, आणि वांग्यावर मारतो तेही औषध! आपल्या भाषेने विषाला इतके सोज्वळ नाव दिले आहे की, ते हाताळताना हात जरा कचरला पाहिजे हेच आपण विसरून गेलो. डॉक्टरच्या औषधाला चिठ्ठी लागते, डोस लागतो, पथ्य लागते. शेतातल्या औषधाला यांपैकी काय लागते? बाटलीचे टोपण हेच माप, झाडाची काठी हीच रवी, आणि शेजाऱ्याने सांगितले तोच डोस.

आज मला बोलावयाचे आहे ते या औषधाविषयी नव्हे. ते पाठीवर घेऊन शेतात हिंडणाऱ्या माणसाविषयी. त्याला कोणी शिकवले आहे काय? शिकवले असल्यास त्याच्याजवळ तसा दाखला आहे काय? आणि नसल्यास, तो असावा की नाही?

प्रथम माझीच एक चूक सांगतो. आमची गावाकडे थोडी शेती आहे. तिथे कामाला येणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांना आम्ही सारे मामा म्हणत असू. काही वर्षांपूर्वी सुट्टीत मी गावी गेलो होतो. टोमॅटोवर कीड दिसली. तालुक्याच्या गावाहून औषध मीच आणले आणि मामांच्या हाती दिले. मामांनी बादलीत कालवले, हातानेच ढवळले, पंप पाठीवर घेतला. अंगात बनियन, पायांत काही नाही, तोंडाला एक पंचा. मधेच नोझल तुंबले, तेव्हा ते काढून त्यांनी तोंडाने फुंकले. मी बांधावर बसून वर्तमानपत्र वाचीत होतो. ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. बाटलीवरचा कागद मात्र मी वाचला नाही.

दुपारी मामांना घाम सुटला, तोंडाला लाळ येऊ लागली, उलट्या झाल्या, डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले. आम्हांला वाटले, ऊन लागले. कांदा हुंगवला, सरबत पाजले. तासाभराने दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "औषध कोणते?" मी एम. ए. झालेला माणूस. मी उत्तर दिले, "किडीचे." बाटली ओढ्याकाठी टाकली होती. ती शोधून आणीपर्यंत आणखी वेळ गेला. मामा वाचले, हे आमचे भाग्य. बरे होऊन आल्यावर ते एवढेच म्हणाले, "कुणी सांगितलं असतं तर ऐकलं असतं की!" त्यांनी ते रागाने म्हटले नव्हते. म्हणूनच ते वाक्य मला आजही टोचते.

सर्वांचे भाग्य असे नसते. 2017 सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले, ते आपणांस ठाऊक आहे. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. पुढे कारणांचा शोध घेतला गेला, तेव्हा कोणतेही एक कारण सापडले नाही. अनेक कारणे एकत्र आलेली दिसली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती, त्यामुळे फवारा पायांकडे न जाता तोंडावर येई. दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. यंत्रावर चालणाऱ्या पंपांचा तुषार अधिक बारीक आणि अधिक जोरकस. वर दमट उकाडा. अंगावर कपडा सहन होत नव्हता, मग हातमोजे आणि मुखपट्टी कोठून असणार? यांतले प्रत्येक कारण असे आहे की, ते आधी कळले असते तर पुष्कळसे टाळता आले असते. कळणे म्हणजेच शिक्षण.

ही औषधे अंगात शिरतात कशी, तेही समजून घेऊ. आपला समज असा की, विष पोटात गेले तरच बाधते. तसे नाही. फवारणाऱ्याच्या अंगात ते मुख्यतः कातडीतून शिरते. घामाने भिजलेली कातडी, मांड्यांचे सांधे, डोळे, मान या जागी ते लवकर मुरते. पाठीवरचा पंप गळत असला, म्हणजे पाठ आणि कंबर दिवसभर विषात भिजत असते. यांपैकी काही औषधे, ज्यांना ऑरगॅनोफॉस्फरस वर्गातली म्हणतात, शरीरातील एका आवश्यक द्रव्याला निकामी करतात. हे द्रव्य मज्जातंतूंचा निरोप स्नायूला पोचल्यावर तो निरोप थांबविण्याचे काम करते. ते निकामी झाले, की निरोप थांबतच नाही: लाळ गळत राहते, घाम येत राहतो, स्नायू फडफडतात, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, आणि शेवटी श्वास अडतो. यावर डॉक्टर ॲट्रोपीन देतात. परंतु सगळ्याच औषधांना असा उतारा नाही. म्हणूनच 'कोणते औषध' हा प्रश्न प्राणाचा असतो.

आता कायद्याकडे वळू. 1958 साली केरळात पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक पिठात मिसळले गेले आणि शंभरावर माणसे मेली. त्यानंतर चौकशी झाली, विचारविनिमय झाला आणि 1968 साली कीटकनाशक कायदा आला. 1971 साली त्याचे नियम आले. या नियमांत संरक्षक कपडे आहेत, प्रथमोपचार आहे, आणि औषध तयार करणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी व फवारणीचा धंदा करणाऱ्यांनी कामगारांना सुरक्षिततेचे शिक्षण देण्याची व्यवस्था करावी, हेही लिहिलेले आहे. म्हणजे शिक्षणाची गोष्ट कायद्याला सुचली नाही, असे नव्हे.

पण गंमत पहा. शहरातल्या घरांत झुरळे-वाळवी मारण्याचा धंदा करावयाचा, तर परवाना लागतो, आणि त्यासाठी शास्त्र शिकलेला व मान्य संस्थेत प्रशिक्षण घेतलेला माणूस पदरी असावा लागतो. औषधाचे दुकान काढावयाचे, तर अलीकडच्या नियमांप्रमाणे शेतकी किंवा तत्सम विषयाची पदवी अथवा ठराविक अभ्यासक्रम लागतो. ड्रोनने फवारणी करावयाची, तर 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते. 2023 साली सुरू झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत बचत गटातील भगिनींसाठी पंधरा दिवसांचे प्रशिक्षण ठेवले आहे. ही सर्व व्यवस्था योग्यच आहे. पण मनाशी हिशेब करा. ड्रोन चालविणारी भगिनी विषापासून लांब उभी असते. तिला दाखला लागतो. दुकानदार बंद बाटली विकतो. त्याला पदवी लागते. आणि ज्याच्या पाठीवर ते पंधरा-सोळा लिटर पाणी हिंदकळत असते, ज्याच्या नाकापुढे तुषार उडतो, त्याला मात्र काहीच लागत नाही! विषाच्या जितके जवळ जावे, तितके शिक्षण कमी, असा हा उलटा न्याय आहे.

परदेशात हा न्याय सरळ करण्याचा यत्न झाला आहे. अमेरिकेत 1972 च्या कायद्याने असे ठरले की, विशेष जहाल औषधे दाखला मिळविलेल्या माणसानेच, किंवा त्याच्या देखरेखीखाली, वापरावीत. युरोपीय संघाने 2009 साली व्यवसाय म्हणून औषध वापरणाऱ्यांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र असावे, असे धोरण घातले.

येथे कोणी शेतकरी म्हणेल, "सर, आणखी एक कागद? सात-बाऱ्यासाठी हेलपाटे घालतोच आहोत!" आणि एखादा मजूर म्हणेल, "मला सही येत नाही. दाखला नाही म्हणून माझी मजुरी जायची." या दोन्ही शंका खऱ्या आहेत. मी अर्थशास्त्राचा अध्यापक. कागद गरिबाच्या नावाने निघतो आणि त्याच्याच गळ्यात अडकतो, हे मी पुस्तकांत आणि पुस्तकांबाहेरही पाहिले आहे. उद्या अपघात झाला आणि मालक म्हणाला, "याला दाखला होता, चूक याचीच," तर तो दाखला नसलेला बरा.

म्हणून दाखला हवा, पण तीन अटींवर. पहिली, तो शिकविल्यानंतरचा असावा, पैसे भरून मिळणारा नसावा. शिकण्याच्या दिवसांची मजुरी बुडू नये. दुसरी, परीक्षा तोंडी आणि हाताने करून दाखवावयाची असावी. पंप गळतो का ते ओळखता येते का, नोझल तारेने किंवा तोंडाने न साफ करता पाण्याने व मऊ ब्रशने साफ करता येते का, वारा पाठीशी घेऊन चालता येते का, एवढे पुरे. तिसरी आणि मुख्य अट ही की, जबाबदारी कामाला लावणाऱ्याची असावी. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, अंगभर कपडे, साबण आणि पाणी त्याने द्यावे. ते दिले नाही, तर दाखलाधारकाला "मी फवारणार नाही" असे म्हणण्याचा हक्क असावा. नकार देण्याचे बळ ज्या दाखल्याने येते, तोच खरा दाखला.

तोवर आपण स्वस्थ बसावे काय? नाही. शिक्षक मित्रांनो, येथे तुमचे काम आहे. औषधाच्या बाटलीवर कोपऱ्यावर उभी केलेली एक चौकट असते. तिचा खालचा भाग लाल असेल, तर औषध अत्यंत विषारी. त्यावर कवटीचे चिन्हही असते. पिवळा त्याहून थोडा कमी, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हेही मुलांना सांगा. हे चार रंग वर्गाच्या भिंतीवर काढा. बाटलीबरोबर जे माहितीपत्रक येते, ते प्रादेशिक भाषेतही असावे असा नियम आहे. पण त्याची अक्षरे मुंगीएवढी. आजोबांना ती दिसत नाहीत, नातवाला दिसतात. ते घरी मोठ्याने वाचण्याचे काम नातवाला द्या. बाटलीला हात मात्र लावू देऊ नका.

आणखी एक प्रयोग सांगतो. नव्या, औषध कधीही न भरलेल्या पंपात साधे पाणी घ्या, त्यात खाण्याचा लाल रंग घाला. एखाद्या मोठ्या माणसाला पांढरे कपडे घालून नेहमीसारखे फवारावयास सांगा. दहा मिनिटांनी त्याला सर्वांसमोर उभा करा. छातीवर, मांड्यांवर, बाह्यांवर, मानेवर लाल डाग दिसतील. हजार शब्दांचे व्याख्यान जे करणार नाही, ते काम हा एक सदरा करील.

आणि शेतकरी बंधूंनो, पुढच्या फवारणीपूर्वी एवढे लक्षात ठेवा. उपाशीपोटी फवारू नका. भर उन्हात आणि वाऱ्याच्या तोंडी फवारू नका. माहितीपत्रकात सांगितल्याखेरीज दोन औषधे कालवू नका. हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका, भाकरी तोडू नका. फवारणीनंतर अंघोळ करा, कपडे निराळे धुवा. रिकामी बाटली तीनदा विसळून, ते पाणी पंपातच ओतून, बाटली फोडा. तेलापाण्यासाठी घरात आणू नका. फवारणी आणि तोडणी यांत जितके दिवस सोडावयास सांगितले असतील, तितके सोडा. ती वांगी मंडईत येतात आणि कोणाच्या तरी लेकराच्या ताटात पडतात. आणि कोणाला बाधा झालीच, तर त्याला शेतातून बाहेर काढा, कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, डॉक्टरांच्या सांगण्यावाचून उलटी करवू नका, 108 क्रमांकावर गाडी बोलवा, आणि बाटलीवरचा कागद बरोबर न्या. माझ्यासारखे "किडीचे" असे उत्तर देण्याची पाळी तुमच्यावर येऊ नये.

1886 साली खुली झालेली पुण्याची ही मंडई आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. जोतीरावांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशेब यांच्या जोडीला शेतीचे आणि आरोग्याचेही प्राथमिक धडे असावेत, अशी मागणी त्यात होती. या मागणीला आता शंभरावर वर्षे होऊन गेली. फवारणाऱ्याचे शिक्षण ही काही नवी कल्पना नव्हे. त्याच मागणीची राहिलेली बाकी आहे.

त्या रविवारी मावशींकडून मी अर्धा किलो वांगी घेतली. त्यांत दोन जरा किडकी निघतील अशी, मुद्दाम निवडून घेतली. मावशी हसल्या. किडका भाग काढून टाकता येतो, श्रोतेहो. पंप पाठीवर घेणारा माणूस गेला, तर त्याची भरपाई कोणत्याही मंडईत मिळत नाही.