बाद फेरीची चाळीस मिनिटे

कबड्डीत गडी बाद होतो, तसा तो जिवंतही होतो. प्रतिस्पर्ध्याचा एक गडी टिपला, की आपला बाहेर बसलेला एक गडी पुन्हा मैदानात येतो. हा दिलासा संघाला मात्र नाही. बाद फेरीत हरलेला संघ त्या स्पर्धेत परत येत नाही.

लालबाग, परळ, प्रभादेवी, दादर या पट्ट्यात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, पण मंडळांच्या स्पर्धा राहिल्या. मातीच्या मैदानावर, दिव्यांच्या उजेडात मी असे कितीतरी सामने पाहिले आहेत.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली आणि मातीतला खेळ मॅटवर गेला. आठ संघ, आधी साखळी, मग पहिल्या चारांची उपांत्य फेरी. त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टला वरळीत अंतिम सामना झाला. जयपूरने यू मुंबाला ३५-२४ असे हरवले. २०१५ मध्ये त्याच मुंबईत अनुप कुमारच्या संघाने बंगळूरूवर ३६-३० अशी मात करून चषक जिंकला. मार्च २०१६ मध्ये पुन्हा अंतिम फेरी, आणि पाटण्याकडून ३१-२८ अशी हार. अवघ्या तीन गुणांत हंगामाची सारी मेहनत वाहून गेली.

मग प्रश्न पडतो, हा न्याय आहे का? आठवडेच्या आठवडे जमवलेल्या गुणांचे मोल चाळीस मिनिटांत संपावे का? २०१९ पासून २०२४ पर्यंत यावर एक तोडगा होता. सहा संघ पुढे जात, पण पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरी मिळे. २०२५ मध्ये आठ संघांना संधी दिली गेली. चुरस वाढली हे खरे. पण दार जितके रुंद, तितकी साखळीतल्या गुणांची किंमत कमी, असे माझे मत आहे.

बाद फेरीत बरोबरी चालत नाही. गुण समान झाले, की पाच-पाच चढायांचा डाव होतो. पाच वेगळे चढाईपटू, त्यांचा क्रम आधीच पंचांना द्यायचा. या डावात कुणी बाहेर जात नाही, कुणी जिवंत होत नाही. मोजायचे ते फक्त गुण. इथे एकखांबी तंबू कोसळतो. एकाच चढाईपटूच्या जिवावर साखळी निभावता येते, हा डाव नाही.

म्हणून आपल्या मंडळांच्या प्रशिक्षकांना एवढेच सांगावेसे वाटते. पहिला चढाईपटू सगळ्यांकडे असतो. सरावात रोज थोडा वेळ पाचव्यासाठीही ठेवा. कुठल्याशा रात्री, गुण समान असताना, सारे मैदान श्वास रोखून त्याच्याकडेच पाहणार आहे.