'हो' म्हटल्यानंतरची कामं

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेली एक लहानशी गोष्ट आहे. तिच्यात चमत्कार नाही, त्यामुळे ती फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. एका माणसाला दोन मुलगे. तो एकाला म्हणतो, आज द्राक्षमळ्यात कामाला जा. हा तोंडावर नाही म्हणतो, मागून मन खातं आणि जातो. दुसरा अगदी अदबीने हो म्हणतो आणि फिरकतही नाही. बापाचं कुणी ऐकलं, असं येशू समोरच्या धर्मपुढाऱ्यांना विचारतो, आणि त्यांना स्वतःच्याच विरुद्ध जाणारं उत्तर द्यावं लागतं. आम्हा ख्रिस्ती लोकांची पंचाईत अशी, की दर रविवारी आम्ही त्या अदबशीर मुलाच्या जागी उभे असतो. गाणी, प्रार्थना, आमेन. सगळं मिळून एक लांबलचक 'हो'. सोमवारी मळ्यात कोण दिसतं, एवढंच पाहायचं राहतं.

आज्ञापालन म्हटलं की तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, आणि ती पडायलाच हवी. या शब्दाच्या आडून बायकांना, गुलामांना, आश्रितांना पुष्कळ राबवून घेतलेलं आहे, चर्चनेसुद्धा. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात राहिल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, असा प्रश्न आला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतला. बाई दबल्या नाहीत. इथल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने उतरवलं, ते आता दुसऱ्यांचं घ्यायला नव्हे, अशा आशयाचं त्यांनी स्पष्ट लिहून कळवलं. धर्माधिकाऱ्यांपुढे इतकी ताठ असलेली ही बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणते आणि केडगावला त्यांच्या जेवणखाणाची, कपड्यांची, कामधंद्याची व्यवस्था लावत बसते. आज्ञा कुणाची पाळायची हे तिने नीट ठरवलेलं होतं. त्यामुळे तिच्या आज्ञापालनात लाचारी नाही.

पण आज मला जास्त वेळ द्यायचा आहे तो जामखेडला, तिथे काम केलेल्या एका डॉक्टर जोडप्याला.

रजनीकांत आणि मेबल आरोळे. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर. 1960 मध्ये लग्न झालं, तेव्हाच आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं, असं दोघांनी देवासमोर कबूल केलं. भाषणांतून, गौरवग्रंथांतून लोकांना हा भाग फार आवडतो. मला विचाराल तर त्यातला हा सोपा भाग. तरुण वय, नवी माणसं, डोळ्यांपुढे ध्येय. अशा वेळी शपथ कुणीही घेईल. अवघड भाग पुढे वडाळा या खेड्यातल्या मिशन दवाखान्यात सुरू झाला. दवाखाना भरलेला, ऑपरेशनं होताहेत, लोक पाया पडताहेत. सेवा उत्तम चालली आहे असं समजून तिथेच निवृत्त व्हायला काहीच हरकत नव्हती. पण बरं करून घरी पाठवलेलं मूल पुन्हा त्याच जुलाबाने परत येत होतं. बहुतेक आजार घाण पाण्यातून आणि अर्धपोटी राहण्यातून येत होते. आपण करतो ते चांगलं आहे पण पुरेसं नाही, असं भरलेल्या दवाखान्यात उभं राहून मान्य करणं फार थोड्यांना जमतं. दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेले, सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1970 मध्ये जामखेडला आले.

तिथे लोकांना आरोग्य नकोच होतं! हवं होतं अन्न आणि पाणी. 1972 चा दुष्काळ इथल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको. तेव्हा डॉक्टर मुलांच्या पोटात घास जावा म्हणून धडपडले आणि गावोगाव कूपनलिका खोदायच्या मागे लागले. जागा शोधायला भूजलाचा जाणकार आला, तर त्याला दलित वस्तीतच बघायला सांगितलं. पाणी लागलं. हंडा भरायचा तर पाटलाच्या सुनेलाही त्या वस्तीत जाणं आलं. यात थोडी लबाडी आहे का? असेल. सापासारखं चतुर आणि कबुतरासारखं निष्पाप असावं, असं येशूने शिष्यांना बजावलं होतं; आम्ही त्यातलं कबूतर तेवढं उचललं. आणि आमच्यातल्याच लोकांना एक सांगतो: बाप्तिस्मा घेऊन चार पिढ्या झाल्यावरही सोयरीक जुळवताना जुनी जात विचारणारी घरं आपल्यात आहेत. त्या कूपनलिकांची गोष्ट चर्चमध्ये सांगायला हवी, ती याच कारणाने.

पुढची पायरी सगळ्यांत कठीण. गावागावांत नर्स पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेल्या शिकलेल्या मुलीला गाव आपलं मानत नव्हतं, आणि तिलाही तिथे एकटं राहवत नव्हतं. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, असं ठरलं. आल्या त्यांत कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित, कुणी नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला जामखेडला यायचं, एकत्र जेवायचं, एकत्र झोपायचं, शिकायचं, परत जायचं. बाळंतपणाला पातं उकळून घ्यायचं. जुलाब होणाऱ्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी द्यायचं. अंगावरचा बधिर चट्टा ओळखायचा आणि कुष्ठरोग्याला गावाबाहेर न काढता घरातच औषध चालू ठेवायचं.

इथे डॉक्टरांना काय सोडावं लागलं ते बघा. पैसा त्यांनी आधीच सोडला होता. आता ज्ञान सोडायचं होतं, म्हणजे ते आपल्याकडेच आहे हा मान. वैद्यकीच्या व्यवसायातही एक न बोललेली वर्णव्यवस्था असते: वर सर्जन, खाली आया. अक्षरओळख नसलेल्या बाईला रोग कळू शकतो, हे म्हणणं सोपं. तिला तेच चौथ्यांदा, चाळिसाव्यांदा न चिडता समजावणं, आणि मूल वाचलं की गावाने डॉक्टरांऐवजी तिचं नाव घेतलं तरी आनंद मानणं, हे रोजचं होतं. येशूने कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, हा प्रसंग आम्ही पुनरुत्थानाच्या आधीच्या गुरुवारी वेदीपुढे करून दाखवतो. एका संध्याकाळचं काम असतं. जामखेडला ते वर्षानुवर्षं चाललं, तेही फुलं आणि मेणबत्त्यांशिवाय.

परिणाम दिसायला वेळ लागला, पण दिसला. 1971 च्या सुमारास या गावांत हजार जन्मांमागे 176 मुलं वर्षाच्या आत जात होती. 1990 च्या दशकात तो आकडा तिशीच्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 च्या पुस्तकात जामखेडची नोंद घेतली, 1978 च्या अल्मा-आटा परिषदेतल्या प्राथमिक आरोग्यसेवेच्या विचाराला असल्याच प्रयोगांचा आधार होता, 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार आला. मेबल 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. काम मुलांनी पुढे चालवलं. देशोदेशींचे लोक तिथे शिकायला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत त्याच गावांतल्या बायकाही असतात.

आता व्याख्यान संपल्यावर कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच घेतो. गावांनी निवडलेल्या त्या आरोग्यसेविका काही सगळ्याच ख्रिस्ती नव्हत्या. सगळ्या जातिधर्मांच्या. मग यात ख्रिस्ती ते काय? आरोळ्यांनी आपली श्रद्धा लपवली नाही, आणि औषधाच्या मोबदल्यात ती कुणाकडून मागितलीही नाही. शिवाय मत्तयाच्याच पुस्तकात शेवटच्या न्यायाचं चित्र आहे. तिथे राजा ज्यांना उजव्या हाताला बसवतो, त्यांनाच नवल वाटतं: आम्ही तुला कधी पाहिलं, कधी तुझं काही केलं? त्यांना पत्ताच नसतो. कशाबद्दल त्यांना जवळ केलं, त्याची यादी राजा वाचून दाखवतो: भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला घर, उघड्याला कपडा, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट. मी प्रार्थना करणारा, तिच्यावर विश्वास असलेला माणूस आहे. पण त्या यादीत प्रार्थना नाही. ती मी तरी घालू शकत नाही.