डिस्चार्ज मिळाला, पुढे काय?



जून २०२० मध्ये ठाणे महापालिकेनं बाळकुमच्या ग्लोबल हब इमारतीत हजारावर खाटांचं कोविड रुग्णालय सुरू केलं, तेही काही आठवड्यांच्या तयारीत. त्या काळात रुग्ण घरी निघाला की दारात टाळ्या वाजत. सरकारी आकडेवारीत तो बऱ्या झालेल्यांत जमा होई आणि त्याची फाइल बंद होई.

काहींचं खरं दुखणं तिथून पुढे सुरू झालं. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावरच टेकायचं. दुकानात बेरीज करताना हातचा विसरायचा. नुसती आंघोळ केली तरी अंथरूण धरायचं. एक्स-रे स्वच्छ, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल; मग घरचेच म्हणणार, 'तू फार मनाला लावून घेतोस!' जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये या दुखण्याची व्याख्या केली, तेव्हा कुठे ते नेमकं कशाला म्हणायचं हे ठरलं.

भारतात हात वर केले गेले, असं मात्र नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, ३१ रुग्णालयांतून घरी गेलेल्या १४,४१९ जणांची वर्षभर फोनवरून विचारपूस केली. चार ते आठ आठवड्यांनी १७.१ टक्के लोकांना थकवा, धाप किंवा मेंदूशी निगडित तक्रारी होत्या. वर्षभरात ६.५ टक्के दगावले. २०२३ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. काम मोलाचं, पण ते रुग्णालयात दाखल झालेल्यांपुरतं. घरच्या खोलीत चौदा दिवस काढून कामावर रुजू झालेला माणूस त्यात नाही, आणि वर्षानंतरचंही काही नाही.

साथीनंतर रेंगाळणारं दुखणं महाराष्ट्राला नवं नाही. १९७३ मध्ये बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली. पुढे तीसेक वर्षं हा विषाणू जवळपास दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये परतला. ताप आठवड्यात उतरला, सांधे मात्र महिनोन्‌महिने धरलेले. विषाणूंचा अभ्यास करणारी संस्था पुण्यात १९५२ पासून आहे. पण साथ ओसरली की पैसाही आटतो आणि रेंगाळलेलं दुखणं गावच्या डॉक्टरच्या गोळ्यांवर सोडलं जातं.

नुसता पैसा ओतूनही भागत नाही म्हणा. अमेरिकी संसदेनं डिसेंबर २०२० मध्ये कोविडनंतरच्या दुखण्यावरच्या संशोधनासाठी १.१५ अब्ज डॉलर दिले; औषधांच्या चाचण्या सुरू व्हायला २०२३ उजाडलं. रुग्ण चिडले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

अशा रुग्णांची दीर्घकाळ विचारपूस करायची, तर आपल्याकडे सुरुवात स्वस्तात होईल. कोविड चाचणीच्या फॉर्मवर मोबाइल नंबर घेतला जात होता. तेव्हाचा बाळकुम, माजिवडा किंवा कल्याणचा रुग्ण आज शोधायचाच म्हटलं तर धागा हाती आहे. हवेत फोन करणारे कर्मचारी, त्यांचा पगार आणि दहा वर्षांची मंजुरी.