सुईणीची नोंदवही

सुईण म्हटली कीं गरम पाणी, नाळ आणि बाळंतिणीची खोली डोळ्यांपुढें येते. तिच्या हातांतील लेखणी कोणास आठवत नाहीं. वास्तविक 1969 च्या कायद्यानें जन्मसमयीं हजर असलेल्या सुईणीवर त्या जन्माची वर्दी देण्याचें कर्तव्य घातलें आहे; आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलास शाळेंत घालतांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागावयाचा.

मरोळसारख्या वस्तींत हें लेखन सोपें नाहीं. भातशेतीच्या या गांवीं कारखाने आले, 1973 सालीं शेजारीं सीप्झ उभें राहिलें आणि भाड्याच्या खोल्यांची दाटी झाली. तिसऱ्या महिन्यांत नांव नोंदविलेली बाई पांचव्यांत खोली बदलते, सातव्यांत माहेरीं जाते. तिकडे मूल होतें. येथील वहींत रकाना कोराच राहतो. त्यास नर्सबाईचा आळस म्हणणें अन्यायाचें होय.

परंतु दुसरें एक कारण दवाखान्यांतलेंच आहे. एकाच तपासणीची नोंद बाईच्या कार्डावर, मग वहींत, मग संगणकावर, शिवाय मासिक अहवालांत! बाहेर रांग ताटकळत असते, म्हणून वही दुपारीं आठवणीनें भरली जाते, आणि ओळीमागून ओळ रक्तदाब 120/80 उमटतो. वही पूर्ण, पण आंधळी. एखादीचा दाब आरंभीं 100/64 आणि आठव्या महिन्यांत 136/86 असेल, तर दोन्ही आंकडे 140/90 च्या आंतले. ते शेजारीं शेजारीं लिहिले तरच चढ दिसतो, आणि झटके येण्यापूर्वीं तिला सांभाळतां येतें.

खऱ्या आंकड्यांनीं केवढें काम होतें, हें व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहांत दिसलें. 1846 सालीं वैद्यक विद्यार्थ्यांच्या विभागांत शेंकडा 11 हून अधिक बाळंतिणी दगावल्या. सुईणींच्या विभागांत शेंकडा 3 हून कमी. ही तफावत कागदावर होती म्हणूनच सेमेलवाइस कारण शोधूं शकले, आणि 1847 मध्यें त्यांनीं शवविच्छेदनाहून येणाऱ्यांस क्लोरिनच्या पाण्यानें हात धुवावयास लावलें.

आपल्याकडे वरिष्ठ बहुधा बेरीज मागतात. “या बाईचें वजन दोन महिने वाढलें कां नाहीं?” असा प्रश्न वहींतून निघाला, तर लिहिणारीस वहीची गोडी लागते, उद्यां कोणाच्या घरीं जावयाचें तें तिला त्याच पानावर सांपडतें.

माहेराहून परतलेली बाई पिशवींतून माता-बाल संरक्षण कार्ड काढते, तेव्हां मरोळचा कोरा रकाना भरतां येतो. मात्र तिकडच्या सुईणीनें त्यावर मुलाचें वजन आणि लशीची तारीख लिहिलेली हवी.