उंचावरील हवा आणि बाहेर पडणारा श्वास

कसाऱ्याहून विहीगांवच्या वाटेनें खोडाळ्यास पोंचलेला मुंबईकर गाडींतून उतरतांच छाती भरून श्वास घेतो आणि ‘हवा कशी हलकी आहे!’ असे उद्गार काढतो. त्याचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. त्याच मुलखांतील जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंच आहे. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब मुंबईपेक्षां सुमारें ५ टक्क्यांनीं कमी भरतो. परंतु या हलक्या हवेनें फुप्फुसांत कांहीं पालट होतो काय, हा प्रश्न निराळा. आणि त्याचें उत्तर शोधतांना बाहेर पडणारा श्वासही तपासावा लागतो.

या श्वासांत नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु अत्यल्प प्रमाणांत असतो. मोटारींच्या धुरांतला हा विषारी वायु मानवी शरीर स्वतःच तयार करतें, हें कळल्यावर शास्त्रज्ञांसही नवल वाटलें. रक्तवाहिन्या सैल करण्याचें त्याचें कार्य उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो व मुराद या अमेरिकन शास्त्रज्ञांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. निरोगी प्रौढाच्या श्वासाच्या एक अब्ज भागांत या वायूचे बहुधा २५ हून कमी भाग असतात. ॲलर्जीच्या दम्यांत श्वासनलिकांस सूज येऊन हा आकडा चढतो. औषध वाढवावें कीं कमी करावें, हें ठरवितांना डॉक्टर तो पाहतात. तेव्हां आकडा फसला, तर औषधही फसण्याचा संभव असतो.

उंचावर तो फसतो तो असा. ‘मध्यम उंची’ म्हणजे साधारणतः १५०० ते २५०० मीटर. महाराष्ट्रांत कळसूबाई (१६४६ मीटर) व साल्हेर अशीं मोजकीं शिखरेंच ती गांठतात. कळसूबाईच्या माथ्यावर हवेचा दाब सुमारें १८ टक्क्यांनीं उतरलेला असतो. बंद खोलींत हवेचा दाब बराच उतरवून निरोगी माणसांचा श्वास तपासला, तेव्हां हा आकडा घटला. दाब तोच ठेवून नुसता प्राणवायु कमी केला, तेव्हां मात्र घटला नाहीं. अर्थात् दोष प्राणवायूच्या उणिवेचा नसून हवेच्या विरळपणाचा आहे. दादर स्टेशनवरच्या गर्दींत माणसास मागें वळतां येत नाहीं, रिकाम्या फलाटावर तो सहज वळतो. तद्वत् विरळ हवेंत श्वासनलिकेंतले हे कण मागें, फुप्फुसाच्या तळाकडे सरकतात. तेथें रक्त त्यांस शोषून घेतें आणि तोंडावाटे कमी बाहेर येतात. शरीराची उत्पत्ति घटलेली नसते.

हिमालयाची गोष्ट वेगळी. तिबेटांत ४२०० मीटरांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या श्वासांत हा वायु सखल प्रदेशांतील लोकांहून अधिक आढळला, असें २००१ सालीं प्रसिद्ध झालें. उलट, उंचावर ज्यांच्या फुप्फुसांत पाणी भरतें, अशा गिर्यारोहकांत तो कमी आढळतो. तिकडे जाणाऱ्या आपल्या तरुणांनीं हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

खोडाळ्यास मात्र एवढा फरक पडावयाचा नाहीं. तंबाखूच्या धूम्रपानानें आकडा उतरतो, सर्दीनें चढतो. नत्रलवणांनीं भरलेली पालेभाजी दुपारीं जेवणांत आली, तर तीही त्यास घाटाच्या चढापेक्षां अधिक हलवील. तेव्हां येथें येणाऱ्या दम्याच्या रोग्यानें हवा हलकी म्हणून औषधाची डबी घरीं ठेवून येऊं नये. पावसाळ्यापूर्वीं तर नाहींच, कारण त्या दिवसांत नाचणी-वरईच्या रोपांसाठीं शेतकरी राब भाजतात आणि साऱ्या पठारावर धूर दाटतो.