खोटी नोट अन् खरा वारकरी

माउली, आज पारख शिकू. वारीच्या गर्दीत, तिन्हीसांजेला पाचशेची नोट हातात येते अन् आपण न बघताच कनवटीला लावतो. बघा की जरा! उजेडाकडे धरा, कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि ५०० चा आकडा दिसला पाहिजे. तिरपी करा, हिरवी तार निळी झाली पाहिजे. कडांवर बोट फिरवा, दोन्हीकडे पाच-पाच तिरप्या रेघा हाताला लागतात. एकाच खुणेवर विसंबू नका.

आता समजा, खोटी निघाली. मन लगेच काय म्हणतं? "त्या तुळशीमाळा विकणाऱ्या म्हातारीला देऊन टाकू. नाहीतर हुंडीत टाकू, देवाला कुठं कळतंय!" अहो, म्हातारीची दिवसभराची कमाई गेली की! अन् देवाला कळत नसेल, तर दर्शनाला चाललात कुणाच्या? नकळत आली ती फसगत. जाणून पुढं दिली तो गुन्हा, कायद्यात अन् पांडुरंगाच्या दारीही.

मग करायचं काय? बँकेत न्या. तिथं शिक्का मारून नोट जप्त करतात, पोचपावती देतात. ती मागून घ्या. बदली पैसे मिळत नाहीत, हे खरं. पण तुकोबारायांनी लोकांची कर्जखतं इंद्रायणीत सोडली म्हणतात. आपल्याला एक नोट सुटेना? पाचशे गेले, पण खोटं आपल्यापाशीच थांबलं. तीच आपली वारी.

बोला, पुंडलीक वरदे हरी विठ्ठल!